आमचा नाताळ होळीला

25 डिसेंबर शाळेच्या सुट्ट्यांच्या यादीत न चुकता छापलेला असतो. मोखाड्यातल्या आमच्या पोशेऱ्यात तो कुणाच्या ध्यानात येत नाही, कारण गावाची सुट्टी त्याच्या कितीतरी आधी सुरू झालेली असते. भात झोडून झालं, नागली-वरई कणगीत पडली, दिवाळीचे चार दिवस सरले, की मुकादमाचा टेम्पो पाड्याच्या तोंडाशी येऊन उभा राहतो. आधी भांडी चढतात, मग गोधड्या, मग डालग्यातल्या कोंबड्या, मग पोरं. टेम्पो हलला की धावत येऊन कुत्रंही चढतं. मागे उरतात म्हातारी माणसं, बैल आणि आम्ही मास्तर. घरचे कुठं गेले म्हणून विचारलं, तर म्हातारी ओट्यावरूनच हात हलवून सांगते, ‘जगाया गेलं.’ म्हणजे वसई, भिवंडी, कल्याणकडच्या वीटभट्ट्यांवर.

नाताळच्या आठवड्यात आमच्या पटावर मुलं तेवढीच असतात, वर्गात मात्र निम्मी. खिचडी शिजवणाऱ्या ताई रोज सकाळी दारात येऊन नुसत्या बघतात आणि मी बोटांनी आकडा दाखवतो. बोलण्याची गरज उरलेली नाही. तालुक्याच्या क्रीडास्पर्धा नेमक्या याच दिवसांत येतात. हे ज्याने ठरवलं त्याला भट्टीचा हंगाम ठाऊक नसावा, किंवा फार नीट ठाऊक असावा. संघच कमी आले की बक्षिसंही कमी लागतात.

माझा पुतण्या डब्लिनला असतो. संगणकावर काहीतरी करतो. ते काय, हे त्याने मला पुष्कळदा समजावलं आहे आणि मी पुष्कळदा ‘असं होय’ म्हटलं आहे. त्याचा फोन येतो तेव्हा आमच्याकडे रात्रीचे साडेनऊ झालेले असतात आणि त्याच्याकडे दुपारचे चार. पहिलं वाक्य ठरलेलं: ‘काका, इथे अंधार झाला.’ डिसेंबरात तिथे सूर्य सकाळी साडेआठनंतर उगवतो आणि चार वाजून जेमतेम पाच-दहा मिनिटं झाली की मावळतो. एवढ्याशा कामाचे सूर्याला पूर्ण दिवसाचे पैसे कोण देतं, असं मी विचारतो. तो हसतो, आणि मग पावसाची तक्रार सुरू करतो. पावसाबाबत मात्र मी त्याला दाद देत नाही. डब्लिनला वर्षभरात पडतो साधारण 750 मिलिमीटर. तेवढा आमच्याकडे जुलै महिना एकटाच उरकतो. त्यांचा पाऊस बारा महिने पुरवून पुरवून पडतो, आमचा चार महिन्यांत सगळा संपवून मोकळा होतो. मार्चमध्ये टँकरची वाट बघत पाड्यावरच्या बाया हंड्यांची रांग लावतात आणि शेजारच्या वैतरणेचं पाणी धरणांतून, जलवाहिन्यांतून मुंबईला जात असतं. आमच्याच तालुक्याच्या हद्दीवर मध्य वैतरणेचं धरण पुरं झालं ते 2014 साली. त्याच साली आयर्लंडमध्ये लोक पाण्यासाठी रस्त्यावर आले होते. पाणी मिळत नाही म्हणून नव्हे. सरकारने पाण्याचं बिल पाठवायचं ठरवलं म्हणून. मोठमोठे मोर्चे निघाले आणि 2016 मध्ये ती आकारणी सरकारला थांबवावी लागली. हे मी इथे ओट्यावर सांगितलं तर एक म्हातारा बराच वेळ गप्प राहिला आणि म्हणाला, ‘बिल आमच्याकडं पाठवा म्हणावं. पाण्यासंगट.’

ऊन कमी असलेल्या माणसांना उन्हाची किंमत कळते, हे मात्र खरं. डब्लिनच्या उत्तरेला बॉइन नदीच्या खोऱ्यात न्यूग्रेंज नावाची दगडी टेकडी आहे. कुणीतरी पाच हजार वर्षांपूर्वी रचलेली, म्हणजे इजिप्तच्या पिरॅमिडांहून जुनी. तिच्या दारावर एक चौकोनी झरोका आहे. वर्षातला सगळ्यात लहान दिवस येतो, 21 डिसेंबरच्या आसपास, तेव्हा उगवत्या सूर्याचा किरण त्या झरोक्यातून आत शिरतो, लांबलचक बोळ ओलांडून आतल्या खोलीपर्यंत पोचतो, आणि साधारण 17 मिनिटांनी परत जातो. आत माणसं मावतात थोडी, म्हणून दरवर्षी सोडत काढतात. हजारो लोक अर्ज करतात. नंबर लागलेला माणूस पहाटे जाऊन त्या खोलीत उभा राहतो आणि बाहेर ढग असतात. पुतण्याने अर्ज केला होता, नंबर लागला नाही. मी त्याला म्हटलं, सूर्यमाळला ये. मोखाड्यात सगळ्यात उंच ते, नावातच सूर्य, थंडी म्हणशील तर पहाटे दात वाजतील इतकी. आणि सात वाजता जे ऊन येतं त्याला अर्ज नाही, सोडत नाही, कुणाची सही नाही.

पण खरी गंमत ऊनपावसात नाही, माणसांत आहे. डिसेंबरच्या तिसऱ्या आठवड्यात डब्लिनच्या विमानतळावर टीव्हीवाले कॅमेरे घेऊन उभे असतात. बाहेरच्या दारातून सिडनी, टोरांटो, लंडन, दुबई इथे राहणारी आयरिश पोरं बाहेर पडतात आणि आया त्यांच्या गळ्यात पडतात. हे दरवर्षी तसंच घडतं, दरवर्षी ते बातम्यांत दाखवतात आणि दरवर्षी सगळा देश ते बघून डोळे पुसतो. 2024 च्या डिसेंबरात डॅरा नावाच्या वादळाने समुद्रापलीकडचं होलीहेड बंदर मोडून ठेवलं. इंग्लंडकडून डब्लिनला येणाऱ्या बोटींची ती मुख्य वाट. ऐन नाताळात बंदर बंद. माणसं दुसऱ्या बंदरांवरून, वळसे घालून, रात्र रात्र प्रवास करून घरी पोचली, भेटींची पार्सलं मात्र पुष्कळांची अडकली. पुतण्या सांगत होता, ऑफिसात महत्त्वाच्या विषयांवर कुणी बोलेनासं झालं होतं. जो तो दुसऱ्याला विचारायचा, तुझा भाऊ आला का?

मला हे ऐकताना इतकं ओळखीचं वाटलं की मी त्याला मध्येच थांबवलं. हे तर आमच्या होळीचं वर्णन आहे. फक्त महिना वेगळा आणि बोटीच्या जागी जव्हार डेपोची एसटी. पोशेऱ्यात दिवाळी होते, वाघबारस होते, पण गाव भरतं ते होळीला. भट्टीवरून माणूस होळीला आला नाही, तर समजायचं की तो आजारी आहे किंवा शेठने हिशेब केलेला नाही. तिसरं कारण नसतं. आणि म्हणून डिसेंबर आला की आयर्लंडची आणि आमची गाडी बरोबर समोरासमोरून जाते: त्यांची भरून घरी येत असते, आमची भरून घरून निघालेली असते.

त्यांनाही ही ये-जा हौसेने लागलेली नाही. 1845 साली तिथे बटाट्यावर रोग पडला. गरिबाचं सगळं पोट त्या एका पिकावर. 1852 पर्यंत सुमारे दहा लाख माणसं भुकेने आणि तापाने मेली आणि दहा लाखांहून जास्त बोटीत बसून निघून गेली. दुष्काळाच्या आधी त्या बेटावर 81 लाखांवर माणसं होती. आजच्या आयर्लंड प्रजासत्ताकाची लोकसंख्या 1851 नंतर पहिल्यांदा 50 लाखांच्या वर गेली ती 2022 च्या जनगणनेत. मधली पावणेदोनशे वर्षं माणसं निर्यात करण्यात गेली. कायमची गेली त्यांची गाणी झाली. पण मला जवळची वाटतात ती हंगामी गेलेली माणसं. मेयो आणि डोनेगल या पश्चिमेकडच्या खडकाळ भागातून उन्हाळ्यात टोळ्या निघायच्या, स्कॉटलंडच्या शेतांवर बटाटे काढायला. टोळीला मुकादम, टोळीत अख्खी कुटुंबं, पोरीबाळी, झोपायला गोठ्यातलं गवत. शरद संपला की परत. 1937 च्या सप्टेंबरात कर्किन्टिलॉक नावाच्या गावी अशाच एका निजायच्या शेडला आग लागली आणि अ‍ॅकिल बेटावरची दहा पोरं आतच दगावली. त्या बेटावर आजही ती तारीख लक्षात आहे. आमच्याकडे 1992-93 मध्ये जव्हारच्या वावर-वांगणीत मुलं कुपोषणाने गेली, तेव्हापासून अधिकाऱ्यांच्या गाड्यांना या घाटाची वाट माहीत झाली. भुकेच्या बाबतीत दोन्हीकडे कागद बराच खर्च झाला आहे.

या दोन्ही टोकांना जोडणारा माणूस मात्र मालवण तालुक्यातल्या वराड गावचा निघावा, ही देवाची चेष्टा म्हणायची. डॉक्टर अशोक वराडकर तिथून इंग्लंडला गेले, तिथे मिरियम नावाच्या आयरिश नर्सशी लग्न केलं आणि डब्लिनला स्थायिक झाले. त्यांचा मुलगा लिओ वराडकर 2017 मध्ये, वयाच्या 38 व्या वर्षी, आयर्लंडचा पंतप्रधान झाला. वराडात पेढे वाटले. 2019 च्या 29 डिसेंबरला हे पंतप्रधान आईवडिलांसह सगळ्या कुटुंबाला घेऊन वराडला आले, गावाने जंगी स्वागत केलं, ग्रामदेवतेच्या देवळात नेलं. सगळ्या वर्तमानपत्रांनी ‘कोकणचा सुपुत्र घरी आला’ असं छापलं. माझं मत थोडं वेगळं आहे. कोकणचा माणूस घरी कधी येतो? गणपतीत. नोकरी सोडील, पण गणपती सोडणार नाही. हे गृहस्थ आले नाताळच्या आठवड्यात. म्हणजे माणूस पक्का आयरिश. घरी जायचं तर डिसेंबरात, हे त्याच्या रक्तात भिनलेलं. वराडात चाकरमानी गणपतीला, डब्लिनला नाताळला, पोशेऱ्यात होळीला. कुणाला कुठलं म्हणायचं हे आधार कार्डावरून ठरवू नये, तो कुठल्या सणाला गाडी पकडतो त्यावरून ठरवावं.

सणाशिवाय गाव भरण्याचा आणखी एक प्रसंग असतो, तो म्हणजे मतदान. 2024 च्या 20 नोव्हेंबरला आपली विधानसभेची निवडणूक झाली आणि 29 नोव्हेंबरला आयर्लंडची. नऊ दिवसांचं अंतर. परदेशात राहणाऱ्या आयरिश माणसाला तिथून मत देता येत नाही; द्यायचं तर गावी यायचं. 2015 मध्ये समलिंगी विवाहाच्या प्रश्नावर आणि 2018 मध्ये गर्भपाताच्या प्रश्नावर सार्वमत घेतलं, तेव्हा जगभरातून तरुण पोरं पदरचे पैसे घालून विमानाने घरी आली, मत टाकलं आणि परत गेली. पुतण्याने हे फार अभिमानाने सांगितलं. मी म्हटलं, आमच्याकडेही मतदार भट्टीवरून येतो. पदरच्या पैशाने नाही, टेम्पोने. टेम्पो कोण पाठवतं हे विचारायचं नसतं. दोन्हीकडे लोकशाही बळकट होते; आमच्याकडे वर जेवण मिळतं.

सरकारही दोन्हीकडे सणावारी प्रेमळ होतं. तिथे पेन्शनवाल्यांना आणि सरकारी भत्त्यावर जगणाऱ्यांना डिसेंबरात एक आठवडा दुप्पट पैसे देतात. त्याला नाताळचा बोनसच म्हणतात आणि तो द्यायचा की नाही यावर ऑक्टोबरात अर्थसंकल्पाच्या वेळी चर्चा होते. आपल्याकडे 2022 च्या दिवाळीत रेशनवर 100 रुपयांत रवा, चणाडाळ, साखर आणि तेल मिळालं होतं, त्याच्या पिशव्या अजून पोशेऱ्यात दप्तर म्हणून वापरात आहेत. पिशवीवर नेत्यांचे फोटो आहेत, ते वर्गात माझ्याकडे बघून हसतात. 2025 चा डिसेंबर मात्र ‘लाडक्या बहिणीं’च्या केवायसीत गेला. मुदत 31 तारखेपर्यंत होती. नवऱ्याचा नाहीतर वडिलांचा आधार क्रमांक लागतो, त्यावर ओटीपी येतो, आणि ज्या फोनवर तो यायचा तो फोन वसईच्या भट्टीवर, तिथे चार्जिंगला लावायला जागा नाही. रात्री साडेआठला मला फोन, ‘गुरुजी, सहा आकडे आलेत, सांगू का?’ मी म्हणतो, कुणाला सांगू नका असं त्याच्यातच लिहिलंय. तिकडून आवाज येतो, ‘तुम्ही कुणी हाय का?’

याच गडबडीत मी नाताळच्या सुट्टीत वसईला गेलो होतो. भट्टीवर गेलेल्या मुलांना तिथल्या जवळच्या शाळेत बसता यावं म्हणून शिक्षण हमी कार्ड देतात, ती पोचवायची होती. वसई आमच्याच जिल्ह्यात आहे, हे कागदावर 2014 पासून. ठाण्यातून पालघर वेगळा निघाला तेव्हापासून. प्रत्यक्षात ती दुसरी दुनिया. रेल्वेच्या रुळांच्या पश्चिमेला नाताळ होता. गास, निर्मळ, नंदाखाल, भुईगाव, जिथे जावं तिथे घरांवर कागदी तारे, केळीच्या बागांतून दिव्यांच्या माळा, नाक्यानाक्यावर पोरांनी बनवलेले येशूजन्माचे गोठे. पोर्तुगीज 1739 मध्ये चिमाजी आप्पांनी घालवले, पण धर्म राहिला आणि प्रार्थना मराठीत मुरली. फादर फ्रान्सिस दिब्रिटो याच मातीतले. 2020 मध्ये उस्मानाबादच्या साहित्य संमेलनाचे अध्यक्ष झाले. मला रस्त्यातच ओळख ना देख, फुगे खायला बसवलं. हे फुगे तळलेले असतात आणि दोनच्या पुढे मोजायचे नसतात.

रुळांच्या पूर्वेला कामणकडे भट्ट्या. तिथे तारे नव्हते, पण उजेड होता, कारण भट्टी लागलेली होती. पोशेऱ्याची पाच-सहा कुटुंबं तिथे भोंग्यांत राहत होती. कच्च्या विटा एकावर एक रचायच्या, वर पेंढा आणि प्लास्टिक टाकायचं, की झाला भोंगा. वाकून आत जायचं. वसईकडे या भट्ट्यांवरच्या मुलांसाठी ‘विधायक संसद’ या संस्थेने शाळा चालवल्या, त्यांचं नावच भोंगाशाळा पडलं होतं. माझी तिसरीतली विद्यार्थिनी हातात माती घेऊन धावत आली आणि सवयीने ‘हजर’ म्हणाली. मी वहीत खूण केली. नियमात बसते का, हे विचारू नका.

तिच्या वडिलांना मी पुतण्याने पाठवलेले फोटो दाखवले. डब्लिन लाल विटांचं शहर आहे. अठराव्या शतकात बांधलेल्या चार-चार मजली घरांच्या रांगा, मध्ये रंगीत दारं, खिडक्यांत नाताळचे दिवे. त्यांनी दिवे बघितलेच नाहीत. दोन बोटांनी फोटो मोठा करून भिंतीवर थांबले. ‘कोर चांगली आलीय,’ म्हणाले. ‘भाजणी पक्की. हजारी काय देतात?’ मी म्हटलं, थापणारे मरून दोनशे वर्षं झाली. त्यावर थोडा विचार करून त्यांनी विचारलं, ‘हिशोब झाला होता का त्यांचा?’

मग मी त्यांना तिथली घरटंचाई सांगितली. डब्लिनमध्ये आज सगळ्यात मोठं राजकारण घरांवर चालतं. शिकलीसवरलेली, कमावती पोरं तिशीत आईबापांच्या घरी राहतात, कारण भाडी परवडत नाहीत. परदेशात जाणारी पुष्कळ पोरंही त्याच कारणाने जातात आणि नाताळला येऊन आपल्या लहानपणच्या पलंगावर झोपतात. माझा पुतण्या ज्या घरात राहतो तिथे दुसऱ्या खोलीत ब्राझीलचा एक जण आहे, तिसरीत केरळची नर्स. त्याने भाड्याचा आकडा सांगितला तेव्हा माझी बायको फोनपासून उठून आत निघून गेली. हे सगळं ऐकून घेतल्यावर भोंग्याच्या दारात बसलेल्या त्या माणसाने परत एकदा फोटोकडे बघितलं. ‘एवढ्या विटा असून?’ तो म्हणाला. डब्लिनच्या संसदेत याच विषयावर गेली दहा-बारा वर्षं भाषणं चालली आहेत. इतकं नेमकं तिथे कुणी बोललं असेल असं मला वाटत नाही.

परत निघताना दोन-तीन बायका आणि पोरं माझ्याबरोबर बाजाराला आली. एका नाक्यावर गोठा होता. विजेचे दिवे, कापसाचा बर्फ, गाई, मेंढ्या, मध्ये बाळ. आमची मंडळी थांबली. गाई बघून त्यांना बरं वाटलं. मग एकीने विचारलं, ‘गुरुजी, यांना घर नव्हतं का?’ मी सांगितलं, होतं, पण लांब. सरकारने शिरगणती काढली, म्हणून बाईला दिवस भरत आलेले असताना दोघांना आपल्या मूळ गावी जावं लागलं. तिथे उतरायला जागा मिळाली नाही. तिने मान हलवली. तिला हे अजिबात नवल वाटलं नाही. ‘टेम्पो नव्हता का?’ एवढंच तिने विचारलं. गाढव होतं, मी म्हटलं.

शिरगणती म्हटलं की कुठल्याही मास्तराच्या पोटात गोळा येतो, कारण ती आमच्याच गळ्यात असते. आता देशाची जनगणना 2027 मध्ये आहे, मोजणीची तारीख 1 मार्च धरलेली. त्या वर्षी होळी येते त्यानंतर तीन आठवड्यांनी. म्हणजे मी फेब्रुवारीत पोशेऱ्यात घरोघर फिरीन, कुलपं मोजीन आणि बैलांना नावं विचारीन. आणि माझं गाव तिकडे कामणच्या भट्टीवर दुसऱ्या कुणा मास्तराच्या कागदावर चढेल. येशूच्या वेळच्या सरकारने निदान माणसाला आपल्या गावी जाऊन नाव सांगायला लावलं होतं.

आयर्लंडमध्ये नाताळच्या आदल्या रात्री खिडकीत मेणबत्ती लावतात, ती त्या गोठ्यातल्या जोडप्यासाठी. इथे जागा आहे, या, असं सांगायला. 1990 मध्ये मेरी रॉबिन्सन राष्ट्राध्यक्ष झाल्या, त्यांनी राष्ट्राध्यक्षांच्या निवासात स्वयंपाकघराच्या खिडकीत कायमचा दिवा लावला, देश सोडून गेलेल्या सगळ्यांसाठी. आता 2025 च्या नोव्हेंबरात कॅथरीन कॉनली त्या घरात राहायला आल्या आहेत. कल्पना मला आवडली. पोशेऱ्यात ती राबवावी असंही मनात आलं. पण आमच्याकडे बंद घरात दिवा दिसला, तर पहिल्यांदा वायरमन येतो.

नाताळच्या दिवशी म्हणे तिथे एकही बस धावत नाही, आगगाडी नाही, डब्लिनचं विमानतळसुद्धा बंद. दारूचे गुत्तेदेखील. आपल्याकडे असा कडकडीत बंद पाळायचा तर किमान तीन पक्ष आणि एक टायर लागतो. तिथे सगळे आपसूक घरी बसतात, टर्की आणि हॅम खातात, भावंडांशी भांडतात, आणि काही जण भल्या सकाळी बर्फगार समुद्रात उडी मारून येतात. डब्लिनजवळ फोर्टी फूट नावाच्या जागी ही उड्या मारायची मोठी चाल आहे. पुतण्याने एकदा उडी मारली. वहिनीने नाशिकहून फोन करून त्याला जे सुनावलं, त्यानंतर त्याने परत मारली नाही.

दुसऱ्या दिवसाची चाल मात्र मला आपली वाटली. 26 डिसेंबरला, विशेषतः केरीकडच्या डिंगल गावात, पोरं गवताचे पोशाख करून, तोंडं झाकून, ढोल-बासऱ्या वाजवत घरोघर फिरतात आणि पैसे मागतात. पूर्वी काठीवर मारलेला एक चिमुकला रेन पक्षी असायचा, आता नसतो. हे ऐकल्यावर मी पुतण्याला रामखिंडच्या मुखवट्यांची आठवण करून दिली. जव्हारजवळच्या त्या गावी बोहाड्याचे मुखवटे बनतात, आणि होळीनंतर मोखाड्यात, जव्हारात रात्र रात्र सोंगं नाचतात. फरक एवढाच, की आमची सोंगं देवांची असतात, त्यामुळे पैसे मागत नाहीत. पैसे मागायला होळीची पोरं असतात. रस्त्यात दोरी आडवी धरायची, गाडी थांबवायची, फाग घेतल्याशिवाय सोडायची नाही.

6 जानेवारीला तिथे आणखी एक सण असतो, बायकांचा नाताळ. कॉर्क आणि केरी भागात फार जुना. महिनाभर राबलेल्या बायकांनी त्या दिवशी घराबाहेर पडायचं, मैत्रिणींबरोबर खायचं-प्यायचं आणि घरची भांडी पुरुषांनी घासायची. आपल्याकडे त्या तारखेला पत्रकार दिन असतो. बाळशास्त्री जांभेकरांनी 1832 मध्ये ‘दर्पण’ सुरू केलं म्हणून तालुक्याच्या पत्रकारांना शाल-श्रीफळ देतात. मी केंद्राच्या शिक्षण परिषदेत बायकांच्या नाताळाची माहिती दिली. मॅडम लोकांनी टाळ्या वाजवल्या आणि आपल्याकडे ताबडतोब सुरू करावा असा ठराव मांडला. पुरुष शिक्षकांपैकी एकाने त्या दिवसाची किरकोळ रजा तिथल्या तिथे टाकली. जव्हारला मेहुणीच्या घरी काम निघालं होतं. भट्टीवरच्या बायकांना मी हे सांगितलं नाही. त्या दिवशी त्यांना सणापेक्षा एक तास जास्त झोप मिळाली असती तर ती चालली असती, आणि ती माझ्या हातात नव्हती.

आता पुतण्याने मनावर घेतलं आहे. यंदा नाही, पुढच्या होळीला येतो म्हणतो, गाव भरलेलं बघायला. त्याच्या कंपनीच्या सुट्ट्यांत होळी नाही. मार्चमध्ये त्यांना सुट्टी असते 17 तारखेला, सेंट पॅट्रिकची, आणि आमची पुनव कुणा संतासाठी थांबत नाही. तरी रजा काढीन म्हणाला. मी ही बातमी वर्गात, म्हणजे उरलेल्या निम्म्या वर्गात, सांगितली. कुठला पाहुणा, किती लांबून, विमानाने का, सगळं विचारून झालं. मग मागच्या बाकावरचा एक जण उभा राहिला. घाटातून तो एसटीने येणार की स्वतःची गाडी करून, हे त्याला नक्की हवं होतं. मी विचारलं, का रे? तर म्हणाला, एसटीचा फाग दहा रुपये, भाड्याच्या गाडीचा पन्नास; परदेशच्या माणसाचा दर अजून पोरांत ठरायचा आहे.